कॅलेंडरात सगळं लिहिलंय, पण कॉम्प्युटर आठवण करून देत नाही

काकू, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मंगळवार पेठेत घरी बसून उद्यमनगरातल्या पाच वर्कशॉपांचे हिशेब बघताय, घरचा डेस्कटॉप साधारण सकाळी 11 ते संध्याकाळी 5 चालू, विंडोज 11, क्रोम, गूगल कॅलेंडरात सगळ्या तारखा स्वतः बसून घातल्यात, मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला असतो म्हणून आठवण कॉम्प्युटरवरच पाहिजे, आणि गेल्या महिन्यात एकाचं जीएसटीचं 3बी रिटर्न एक दिवस उशिरा गेलं कारण स्क्रीनवर काहीच आलं नाही. लेट फी 50 रुपयेच बसली पण त्या वर्कशॉपवाल्यासमोर मान खाली गेली असं लिहिलंय तुम्ही. ते वाचून वाईट वाटलं, कारण यात तुमची चूक फार थोडी आहे. मी 20 वर्षांच्या वर झाली कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि लहान ऑफिसांना सिस्टिम लावून द्यायचं काम करतोय आणि ही तक्रार दर आठवड्याला एक तरी येतीच.

पहिल्यांदा एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. तारीख कॅलेंडरात असणं वेगळं आणि त्या वेळेला तुमच्यासमोर खिडकी उघडणं वेगळं. तारीख गूगलच्या सर्व्हरवर आहे, ती कुठं जात नाही. पण तुमच्या स्क्रीनवर खिडकी उघडायचं काम तुमच्याच मशीनवरचा एखादा प्रोग्राम करतो, आणि तो प्रोग्राम नेमका त्या मिनिटाला चालू असायला लागतो. मोबाईलवर हे जाणवत नाही कारण मोबाईल झोपतच नाही, खिशात असला तरी आतून जागाच असतो. कॉम्प्युटरवर क्रोममधलं गूगल कॅलेंडर म्हणजे निव्वळ एक पान आहे, ते पान उघडं असेल तरच आठवण देणार, टॅब बंद केला की विषय संपला. तुम्ही सकाळी कॅलेंडर बघता, टॅब बंद करता आणि टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरता, बरोबर ना? मग दुपारी 3 ची आठवण देणार कोण, त्या वेळेला मशीनवर कॅलेंडर नावाची गोष्टच चालू नसते.

काहीजण म्हणतील पूर्वी गूगलचा एसएमएस यायचा. यायचा खरं, पण ती सोय 2019 ला पूर्ण बंद झाली, त्यामुळं तिकडं शोधत बसू नका.

आता तुमच्या मशीनसमोर बसलो असतो तर मी काय काय बघितलं असतं ते सांगतो. आधी चाचणी. कॅलेंडरचा टॅब उघडा ठेवून आत्तापासून 5 मिनिटांनी एक इव्हेंट टाका, त्याला 1 मिनिट आधीची आठवण लावा, आणि काहीही न करता बसून राहा. आली तर मशीन ठीक आहे, फक्त टॅब बंद असण्याचाच प्रश्न होता. नाही आली तर कुठंतरी वाट अडलीय, आणि ती अडायच्या जागा ठरलेल्या आहेत.

कॅलेंडरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जनरलखाली नोटिफिकेशन सेटिंग्ज आहे, तिथं ऑफ असेल तर डेस्कटॉप नोटिफिकेशन्स करा. त्यात अलर्ट्स असापण पर्याय आहे, तो जरा आडदांड आहे, क्रोममध्येच खिडकी उघडून काम अडवतो, पण कानाडोळा करायची सवय असलेल्याला तोच बरा. मग क्रोममध्ये साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, तिथं कॅलेंडरला परवानगी आहे का बघा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, नोटिफिकेशन्स, तिथं गूगल क्रोमचं बटण चालू आहे का बघा.

आणि इथं थांबतो, कारण मी बघितलेल्या घरच्या मशीनपैकी बऱ्याच ठिकाणी घोळ नेमका या शेवटच्या बटणाचा निघतो, आणि त्यामागं एकच कहाणी असते. घरातलं कुणीतरी पिक्चर बघायला नाहीतर रिझल्ट बघायला कुठल्यातरी भलत्या साइटवर जातं, ती साइट विचारते अलाऊ करू का, घाईत अलाऊवर क्लिक होतं. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले, लगेच क्लिक करा असलं काहीतरी यायला लागतं. घरचे घाबरतात, कुणीतरी जाणकार पोरगा येतो आणि विंडोजमधून क्रोमचं नोटिफिकेशनच बंद करून टाकतो. व्हायरसवालं बंद होतं, सगळे खूश, पण त्याच दिवशी कॅलेंडरची आठवणपण मेली हे कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडं असं झालं असेल तर बटण परत चालू करा, आणि क्रोमच्या साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन अनोळखी साइटी एक एक करून काढून टाका, कॅलेंडर तेवढं ठेवा. रोग साइटीत होता, क्रोम बिचारं निरोप पोचवणारं. व्हायरसच्या त्या खिडकीत दिसलेल्या नंबरवर कुणी फोन केला असेल किंवा काही डाउनलोड केलं असेल तर मात्र मशीन नीट तपासून घ्या, तो वेगळा विषय आहे.

अजून दोन जागा. विंडोजमध्ये डू नॉट डिस्टर्ब आहे, जुन्या विंडोजमध्ये त्यालाच फोकस असिस्ट म्हणायचे. ते तुम्ही चालू केलं नसलं तरी आपोआप चालू व्हायचे नियम त्याच्या खालीच असतात, म्हणजे फुल स्क्रीनवर काही चालू असलं किंवा तीच स्क्रीन टीव्हीवर, प्रोजेक्टरवर दाखवली की ते आठवणी गप्प करतं. मुलगी टीव्हीला केबल लावून काही बघत असेल तर त्या वेळेला तुमची आठवण गप्पच. दुसरं म्हणजे क्रोमचा मेमरी सेव्हर. रॅम वाचवायला तो न वापरलेले टॅब झोपवतो, टॅब वर दिसतो खरा पण आत जीव नसतो. परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये कायम चालू ठेवायच्या साइटींची यादी आहे, तिच्यात गूगल कॅलेंडरचा पत्ता घाला. टॅब उघडा असूनपण आठवण येत नाही असं म्हणणाऱ्यांचं दुखणं कधीकधी हेपण असू शकतंय.

घड्याळ बघायला विसरू नका. मशीन जुनं असेल आणि रोज बटण बंद करून ठेवत असाल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 चा सेल संपलेला असू शकतो, बटणाएवढा गोल सेल असतो तो. संपला की मशीन चालू करताना तारीख मागं जाते, कितीतरी वर्षं मागं. मग सुरक्षित साइटी उघडत नाहीत आणि आठवणी एकतर येत नाहीत नाहीतर भलत्या वेळेला येतात. विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं पण ते व्हायला वेळ जातो, आणि त्या मधल्या काळात काम बिघडतं. सेल लक्ष्मीपुरीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल, मशीनची वायर काढून बदलायचा. टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेलाच पाहिजे, अधिक 5:30 वाला.

एवढं सगळं करून क्रोमची आठवण यायला लागेल. पण खरं सांगू का काकू, तुमच्या कामाला मी क्रोमवर भरवसा ठेवणार नाही. त्याला कारण आहे. विंडोजच्या कोपऱ्यात येणारी ती पट्टी 5 सेकंद थांबते आणि जाते. तुम्ही त्या वेळेला बिलं चाळताय, कुणी दारात आलंय, कुकरची शिट्टी झालीय, गेली ती. ती वेळ वाढवता येते, सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथं 5 सेकंदांपासून 5 मिनिटांपर्यंत करता येतं, आणि ते तुम्ही आजच 5 मिनिटांवर करा, बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच. पण 5 मिनिटांनी का होईना ती जाणारच. आणि मशीन बंद असताना वेळ होऊन गेली तर नंतर मशीन चालू केल्यावर ती आठवण परत समोर येईल याची काही खात्री नाही.

तुम्हाला पाहिजे अशी खिडकी जी तुम्ही हाताने बंद करेपर्यंत हलत नाही, आणि मशीन झोपलेलं असताना राहून गेलेली आठवण जागं झाल्यावर पहिल्यांदा समोर ठेवते. यासाठी मी गेली काही वर्षं थंडरबर्ड लावून देतोय. फुकट आहे, मोझिलावाल्यांचं आहे, मेलचं सॉफ्टवेअर म्हणून लोकांना माहिती आहे पण कॅलेंडर त्यात 2020 पासून अंगचंच आलंय, पूर्वी वेगळं जोडायला लागायचं. मेल त्यात घेतला नाही तरी चालतंय. नवीन कॅलेंडर जोडताना नेटवर्कवरचं निवडायचं, तुमचा जीमेलचा पत्ता द्यायचा, गूगलची लॉगिनची खिडकी येते, परवानगी द्यायची, मग तुमची सगळी कॅलेंडरं दिसतात त्यातलं पाहिजे ते टिक करायचं. झालं, तुम्ही मोबाईलवर टाकलेलं इथं दिसणार आणि इथं टाकलेलं मोबाईलवर. सुट्ट्यांच्या कॅलेंडरच्या आठवणी मात्र बंद ठेवा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये तसा टिक आहे, नाहीतर नको त्या खिडक्यांच्या गर्दीत तुमची कामाची खिडकी हरवेल. सेटिंगमध्ये कॅलेंडर, रिमाइंडर्स, तिथं राहून गेलेल्या आठवणी दाखवा असा पर्याय आहे, तो चालू पाहिजे. थंडरबर्ड निवडायचं मुख्य कारण हा एक टिक आहे.

थंडरबर्डसुद्धा चालू असला तरच आठवण देणार, नियम तोच. म्हणून त्याला मशीनबरोबर आपोआप उठवायचं. विंडोजचं बटण दाबून आर दाबा, छोटी खिडकी येईल, तिथं इंग्रजीत शेल, कोलन, स्टार्टअप असं सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर. एक फोल्डर उघडेल, त्यात थंडरबर्डचा शॉर्टकट आणून टाका. शिवाय थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये मिनिमाइझ केल्यावर घड्याळाशेजारी जाऊन बसायचा टिक आहे, तो करा, म्हणजे खालच्या पट्टीवर अडगळ होत नाही आणि चुकून बंदपण होत नाही. मशीनची झोपपण जरा लांबवा. स्क्रीन 10 मिनिटांनी बंद झाली तरी हरकत नाही, पण मशीन जेवणाच्या वेळात झोपायला नको.

विंडोजमधलं मेल आणि कॅलेंडर हे जे जुनं ॲप होतं त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2024 ला संपवला, त्यामुळं कुणी ते सुचवलं तर सोडून द्या. आउटलुक ज्यांच्या ऑफिसात आहे त्यांनी तेच वापरावं, चांगलं आहे, फक्त जुन्या आउटलुकमध्ये मुख्य कॅलेंडरच्याच आठवणी येतात, बाहेरून जोडलेल्या कॅलेंडरच्या येत नाहीत.

नेट नसताना काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. पावसाळ्यात नेट जातंच, 2019 आणि 2021 च्या पुरात तर आपण काय काय बघितलंय. थंडरबर्डमध्ये एकदा आलेल्या तारखा ऑफलाइन ठेवता येतात, ऑफलाइन सपोर्टचा टिक असतो. पण मी महत्त्वाच्या दोन-तीन तारखांसाठी विंडोजचंच टास्क शेड्युलर वापरतो, त्याला नेटची गरजच नाही. नोटपॅडमध्ये एक फाइल करा, त्यात लिहा आज 18 तारीख, पाचही वर्कशॉपचं 3बी तपासणे, सेव्ह करा. टास्क शेड्युलरमध्ये नवीन टास्क, ट्रिगर महिन्याला 18 तारीख, ॲक्शनमध्ये नोटपॅड सुरू करा आणि पुढच्या रकान्यात त्या फाइलचा पूर्ण पत्ता. 18 ला ती फाइल थेट स्क्रीनवर उघडणार. शेवटच्या सेटिंग्जच्या पानावर वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा असा टिक आहे तो न विसरता करा, तो मुळात बंद असतो. लॅपटॉपवाल्यांनी कंडिशन्सच्या पानावर फक्त विजेवर असेल तरच चालवा हा टिक काढायचा, नाहीतर बॅटरीवर काम करताना आठवण येणारच नाही. यूट्यूबवर एमएसजी नावाची कमांड वापरायला सांगतात, ती विंडोजच्या होम आवृत्तीत नसतेच, बराच वेळ वाया घालवतात लोक त्यात.

आता तारखांकडं येतो, कारण तुम्ही पाठवलेल्या यादीत मशीनपेक्षा मोठा घोळ तिथं दिसला. तुम्ही 3बी साठी 20 तारखेला सकाळी 9 ची आठवण लावलीय. 9 ला तुमचं मशीन बंद असतं. आणि 20 ला आठवण येऊन उपयोग काय, वर्कशॉपवाल्याकडून खरेदीची बिलं यायलाच दोन दिवस लागतात, फौंड्रीवाला तर तीनदा फोन केल्याशिवाय देत नाही हे तुम्हीच लिहिलंय. आठवण शेवटच्या तारखेला नसते लावायची, काम सुरू करायच्या दिवशी लावायची, आणि तुम्ही हमखास मशीनसमोर असता त्या वेळेला. माझ्या स्वतःच्या स्कूटरच्या इन्शुरन्सला मी संपायच्या दिवसाची एकच आठवण लावली होती, दुकानातल्या मशीनवर. त्या दिवशी दुकान बंद होतं. 9 दिवस मी विनाइन्शुरन्स गावभर फिरलो, मागं लेकराला बसवून, आणि मला पत्ता नव्हता, रस्त्यात अडवून कागद बघितल्यावर कळलं. काही झालं असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामाला दोन आठवणी असतात, गूगलमध्ये एका इव्हेंटला 5 पर्यंत लावता येतात.

तुमच्यासाठी असं बसवा. जीएसटीआर 1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, त्याची शेवटची तारीख 11, तर 5 ला सकाळी 11:30 ला विक्री बिलं मागवणे, आणि 9 ला भरून टाकणे. 3बी ची 20, तर 14 ला खरेदी बिलं मागवणे, 18 ला भरणे. ज्याचं तिमाही आहे त्याच्या तारखा वेगळ्या, जीएसटीआर 1 ची 13 आणि 3बी ची आपल्याकडं 22, त्याला वेगळा रंग द्या. टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून ठेवलेला टॅक्स भरायचा असेल तर 7, म्हणजे आठवण 4 ला. ॲडव्हान्स टॅक्स 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च, आठवडाभर आधी, कारण मालकाला पैशाची जुळणी करायला वेळ लागतो. नावात नुसतं जीएसटी लिहू नका, काय करायचं आणि कुणाला फोन करायचा ते लिहा, खिडकी उघडली की विचार करायला लागू नये. पासवर्ड मात्र कॅलेंडरात कधी लिहायचे नाहीत.

एलआयसीला वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला 30 दिवस सवलत असते आणि मासिकला 15, तरी सवलतीच्या भरवशावर तारीख लावू नका.

दर महिन्याच्या 31 ला स्टॉक लिहिणे असं एक तुम्ही लावलंय. गूगल कॅलेंडर ज्या महिन्याला 31 नाही तो महिना सरळ सोडून देतं, म्हणजे वर्षात 7 वेळाच आठवण. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर गायब. आउटलुक अशा वेळी महिन्याचा शेवटचा दिवस धरतं, पण कॅलेंडरांचा जो सगळीकडं चालणारा नियम आहे त्यात नसलेली तारीख वगळायचीच असं आहे, त्यामुळं गूगलचं चुकलं म्हणता येत नाही. 28 करा, नाहीतर पुढच्या महिन्याची 1. टास्क शेड्युलरमध्ये महिन्याचा शेवटचा दिवस असा थेट पर्याय आहे, हे काम त्याच्याकडं द्या.

दिवसभराचे इव्हेंट, म्हणजे वाढदिवस वगैरे, त्यांची आठवण कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये वेगळ्या रकान्यात असते. तिथं आदल्या दिवशी दुपारी 12 असं काहीतरी तुमच्या वेळेचं घाला.

शेवटचं म्हणजे सासऱ्यांचं श्राद्ध. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षीची तारीख दरवर्षी रिपीट लावलीय. ते आजच काढा. तिथी चंद्रावर चालते, चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे दरवर्षी तिथी 11 दिवस अलीकडं येते आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढं जाते. गणेश चतुर्थी 2024 ला 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला, आणि 2026 ला अधिक ज्येष्ठामुळं 14 सप्टेंबरला. कुठला रिपीट बसणार यात? जोतिबाची चैत्र यात्रा, संकष्टी, एकादशी, श्राद्ध हे सगळं याच गटातलं. उलट अंबाबाईचा किरणोत्सव सूर्यावर चालतो, 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर, तो बिनधास्त दरवर्षी रिपीट लावा. तिथीवाल्यांचं मी असं करतो, गुढीपाडव्याला नवीन पंचांग घरात आलं की अर्धा तास बसून वर्षाच्या तिथी हाताने टाकायच्या, आणि पुढच्या पाडव्याला तिथी भरणे अशी एक आठवण त्यातच टाकायची, पाडव्याची तारीखसुद्धा पंचांगात बघूनच. श्राद्धाला 8 दिवस आधीची दुसरी आठवण, गुरुजींना सांगायला.

उद्या सकाळी मशीन चालू केल्यावर बाकी कशाला हात लावायच्या आधी 11:30 चा एक चाचणीचा इव्हेंट मोबाईलवरून टाका, क्रोम मुद्दाम बंद ठेवा आणि टॅलीत काम करत बसा. थंडरबर्डची खिडकी टॅलीच्या वर येऊन बसली तर सगळं बरोबर लागलंय. आवाज आला पण खिडकी मागं राहिली, किंवा काहीच आलं नाही, तर यातलं नेमकं काय झालं तेवढं कळवा, त्यावरून अडलंय कुठं ते सांगतो.